सावळ्या हातावर तिकांडं काढायचं आहे, पांढरी शाई टिकेल का?

मृगबाग_यावल (१२ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, वय ३४, केळी करतो. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत टॅटू काढायचा आहे. पहिलाच आणि बहुतेक शेवटचा, म्हणून घाई करत नाही. तीन महिने फोटो बघतोय आणि जितके बघतो तितका गोंधळ वाढतोय.

काय काढायचंय ते आधी सांगतो, नाहीतर प्रश्न कळणार नाही. आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्रीची असते. ठिबक असलं तरी रात्री उठून व्हॉल्व बदलावेच लागतात. मी नववीत असल्यापासून वडिलांसोबत, बापूंसोबत रात्री मळ्यात जायचो. बापूंच्या मनगटावर घड्याळ असायचं, पण रात्री ते त्याच्याकडे बघायचे नाहीत, वर बघायचे. मार्गशीर्षात तिकांडं, म्हणजे मृग नक्षत्राच्या मधोमध ओळीनं दिसणारे तीन तारे, डोक्यावर आलं की मध्यरात्र झाली, पहिला व्हॉल्व बंद, दुसरा चालू. तिकांडं मावळतीकडे कललं की घरी. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. मग बांधावर बसून ते बोटानं दाखवायचे: ही हरणाची चार टोकं, हा पोटात घुसलेला बाण, आणि बाणाच्या रेषेत खाली तो मोठा चमकणारा व्याध, ज्यानं बाण मारला. जूनमध्ये मृग लागला की लावतो त्या केळीच्या बागेला आम्ही मृगबाग म्हणतो ते याच मृगावरून, हेही त्यांनीच सांगितलं.

बापूंना जाऊन दोन वर्षं झाली. आता व्हॉल्व बदलायला एकटा जातो.

तर हातावर रात्रीचं काळं आभाळ, त्यात मृग, मधे तिकांडं, खाली व्याध, मागून तिरपी जाणारी दाट आकाशगंगा, आणि मनगटाजवळ केळीच्या पानांची काळी आकृती, एवढं डोक्यात आहे. शहरातल्या एका स्टुडिओत जाऊन आलो. तिथल्या आर्टिस्टनं सांगितलं, पूर्ण काळं भरू, मग वरून पांढऱ्या शाईनं शंभरेक तारे ठोकू, एकदम चमकतील. मोबाइलवर फोटोही दाखवले. फोटोतले सगळे हात गोरे होते. माझा हात सावळा, आणि वर्षभर उन्हात असतो.

भुसावळच्या मित्राच्या दंडावर चार वर्षांपूर्वीचा असाच टॅटू आहे. त्याचे पांढरे तारे आता हळदीचे डाग पडल्यासारखे दिसतात, काही तर सापडतच नाहीत. उलट माझ्या आईच्या हातावर लहानपणी यात्रेत गोंदलेली तुळस आहे. पन्नास वर्षं झाली, हिरवट पडली आहे, पण पान न् पान ओळखू येतं. आईला विचारलं तर म्हणते, "गोंदनं काळंच राह्यते रे. पांढरं मले काई दिसनार नाई."

मला एवढंच कळायचंय की आपल्यासारख्या कातडीवर पांढरी शाई खरंच टिकते का. काळ्यावर पांढरं बसतं का? आणि बसत नसेल तर मग आभाळातले तारे काढायचे कशानं? ज्यांनी काढून घेतलंय किंवा जे काढतात त्यांनी खरं सांगा. मन राखायला हो म्हणू नका.

सुई_शाई_जळगाव (१२ ऑक्टोबर)

भाऊ, मी जळगावात अकरा वर्षं टॅटू काढतोय. मोठं लिहितो, कारण हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो आणि दुकानात उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही.

तुम्ही बघितलेले बहुतेक फोटो मशीन थांबल्यावर दहा मिनिटांत काढलेले असतात. तेव्हा कातडी सुजलेली असते, काही शाई वरच्या थरातही असते, त्यामुळे पांढरं दुधासारखं दिसतं. आर्टिस्टकडे गेलात की एकच मागा: सावळ्या हातावरचा, काढून वर्ष झालेला फोटो. तो नसेल तर त्याला स्वतःलाच माहीत नाही की त्याचं पांढरं पुढे कसं दिसतं.

आता कारण. शाई कातडीवर बसत नाही, खाली बसते. कातडीचा वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. शाई त्याच्या खालच्या थरात असते, म्हणून टिकते. पण आपल्याला सावळं करणारं मेलॅनिन त्या वरच्या थरात असतं. म्हणजे खालची शाई तुम्ही कायम स्वतःच्या रंगाच्या पडद्याआडून बघणार. मधाच्या बाटलीमागे खडू धरून बघा, तसं. काळी शाई या पडद्याआडूनही काळीच दिसते, म्हणून आईंची तुळस पन्नास वर्षं ओळखू येते. पांढरी शाई या पडद्याचाच रंग घेते. तुमच्या मित्राचे तारे हळदीसारखे झाले, त्यात आर्टिस्टची चूक असेलच असं नाही. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. ते तिथंच आहे, त्याच्यावरचा पडदा मधाच्या रंगाचा आहे. आणि मे महिन्यात हात आणखी काळवंडला की पांढरं आणखी दबणार, थंडीत जरा वर येणार.

काळ्यावर पांढरं बसत नाही. भिंतीला रंग देताना वरचा हात खालच्याला झाकतो, कातडीत तसं होत नाही. दोन्ही शाया एकाच थरात शेजारी शेजारी राहतात आणि डोळ्याला राखाडी दिसतं. ओल्या काळ्यावर लगेच पांढरं मारलं तर चिखलच. काळं पूर्ण बरं झाल्यावर, दीड-दोन महिन्यांनी, दोन-तीन बैठकांत पांढरं चढवणारे आहेत, पण इतक्या कष्टानं मिळते ती फिकट राख. शिवाय दिसत नाही म्हणून तिथंच पुन्हा पुन्हा सुई फिरवली की कातडी फाटते आणि ताऱ्याच्या जागी व्रण राहतो.

मग तारे कशानं काढायचे? तुमच्याच कातडीनं. याला आम्ही "स्किन सोडणं" म्हणतो. आभाळ काळं भरायचं आणि ताऱ्याच्या जागी सुई लावायचीच नाही. दाट काळ्याच्या मधोमध उघडी राहिलेली सावळी कातडी तुम्हाला वाटते त्यापेक्षा कितीतरी उजळ दिसते. विश्वास बसत नसेल तर आज घरी करून बघा. काळा स्केचपेन घ्या, हातावर वीतभर जागा गडद भरा आणि भरताना मधे सात-आठ टिंबं कोरी सोडा. मग कुणाला तरी दहा फुटांवरून बघायला सांगा. एक रुपया न देता तुमच्याच कातडीवर तुमचा टॅटू दिसेल.

यात एक खबरदारी आहे आणि इथंच बरेच जण चुकतात. शाई वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते. आज सोडलेली बारीक जागा दहा वर्षांत बुजते. म्हणून मोठे तारे ज्वारीच्या दाण्याएवढे सोडायचे, लहान तारे बाजरीच्या दाण्याएवढे. खसखशीएवढे सोडायचेच नाहीत, ते जाणार. शंभर तारे तर मुळीच नकोत. एवढ्या हातावर पंधरा-वीस नीट सोडलेले तारे भरपूर आभाळ करतात. बाकी खोली ग्रे वॉशनं आणायची, म्हणजे काळी शाई पातळ करून कुठं दाट, कुठं विरळ. काही भाग अगदी विरळ ठेवला की तिथं धुकं असल्यासारखं वाटतं, आणि त्याच्या शेजारी गडद काळं असलं की तारा आपोआप पुढे येतो.

पांढरी शाई अजिबात नको असं मी म्हणत नाही. मी वापरतो, पण मिठासारखी. सोडलेल्या कातडीच्या बरोबर मधोमध एक टिंब, तेही फक्त सर्वांत तेजस्वी ताऱ्यांना. काळ्यापासून लांब, चारही बाजूंनी कोरी कातडी असलेलं पांढरं सावळ्या हातावरही वेगळं दिसतं. पांढरं नाही म्हणता येणार, साय धरलेल्या दुधासारखं दिसतं. आणि ते टिंब पुढे उडालं तरी खाली कोरी जागा आहेच, तारा मरत नाही. मला या पद्धतीत हेच सर्वांत पटतं.

काम करताना पांढरं सगळ्यात शेवटी. नवी सुई, शाईचा नवीन कप, काळ्याला लागलेलं काहीही त्याला शिवू द्यायचं नाही. स्टेन्सिलचा, म्हणजे आधी कातडीवर उमटवलेल्या आराखड्याचा, जांभळा रंग त्या जागेवरून आधी पूर्ण पुसून काढायचा, नाहीतर सुईबरोबर तोही आत जातो. सोडलेल्या जागांवर आधीच व्हॅसलिन लावून ठेवायचं आणि पुसताना काळं त्यांच्यावरून ओढायचं नाही. आर्टिस्ट हे करतो का ते तुम्ही बसल्या बसल्या बघू शकता. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, हे तर पांढरं असो की काळं.

अजून एक, घरात कुणाला जखम झाल्यावर व्रण फुगून वाढतो का? कीलॉइड म्हणतात तो. आपल्यासारख्या कातडीत त्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त असतं. असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना हात दाखवा, माझ्याकडे नंतर या.

पांझराकाठ (१३ ऑक्टोबर)

दादा, वर लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मी भोगलाय म्हणून लिहितेय.

मी धुळ्याची, रंगानं सावळी. सहा वर्षांपूर्वी नोकरीला बाहेर होते तेव्हा तिथल्या एका दुकानात उजव्या मनगटावर नुसत्या पांढऱ्या शाईनं शनी काढून घेतला, कड्यासकट, बाजूला चार तारे. काळी रेघ नको होती, ऑफिसात पटकन दिसू नये असं वाटत होतं. पहिले पंधरा दिवस इतका सुंदर दिसायचा की मी झोपतानाही हात वर करून बघायचे.

तीन महिन्यांत तो पिवळट झाला. वर्षभरात कडं आणि गोळा एकमेकांत मिसळले. मी पुन्हा धुळ्याला आले तोवर ते टॅटू आहे हेच कुणाला कळत नव्हतं. भाजल्याचा जुना डाग वाटायचा. एका लग्नात सासरकडच्या एका बाईंनी माझा हात धरून अगदी हळू आवाजात विचारलं, "कोड आहे का गं?" त्यांनी काळजीनंच विचारलं होतं. पण कोड असलेल्या मुलींना आपल्याकडे काय ऐकावं लागतं ते मला त्या एका वाक्यात कळलं, आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

मग काढून टाकायचं ठरवलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं की पांढऱ्या शाईवर लेझर मारला तर ती जाण्याऐवजी काळी पडू शकते, टायटॅनियममुळे. एका कोपऱ्यातल्या ताऱ्यावर एकच ठिपका मारून बघितला. डोळ्यांसमोर करडा झाला. त्यांनी तिथंच थांबवलं. दादा, हे मात्र लक्षात ठेवा: पांढरं काढणं काळ्यापेक्षा अवघड आहे.

शेवटी गेल्या वर्षी एका मुलीनं तो वाचवला. तिनं पांढऱ्याला हातच लावला नाही. शनीच्या भोवतीनं गडद काळं आणि त्याच्या बाहेर पातळ करडं भरलं, कड्याच्या आत एक बारीक सावली दिली. त्याच पिवळट शाईचा आता शनी दिसतो. गंमत बघा, शनी दुर्बिणीतून खरंच फिकट पिवळा दिसतो! तेव्हा पांढऱ्याचं पिवळं होणारच आहे असं धरून त्याचं काम ठरवलं तर ते उपयोगी पडतं.

तुमच्या बापूंचं वाचून माझे वडील आठवले. ते सप्तर्षीला बाज म्हणायचे, आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना बाजेचे पाय चोरून नेणारे चोर.

दुर्बीण_चाळीसगाव (१३ ऑक्टोबर)

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि थंडीत मुलांना आकाश दाखवतो. शाईतलं मला कळत नाही, पण तुमच्या चित्रातल्या आभाळाबद्दल बोलायचंय. हे कायमचं हातावर राहणार आहे, म्हणून आत्ताच बोललेलं बरं.

मृगाच्या मागून दाट आकाशगंगा जाते असं तुम्ही लिहिलंय. फोटोंत दिसते ती दाट, ढगासारखी आकाशगंगा वृश्चिक आणि धनु राशीकडची, आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यातली. वृश्चिक उगवतो तेव्हा मृग मावळायला गेलेला असतो. दोन्ही एकत्र दिसत नाहीत. मृगाजवळूनही आकाशगंगा जाते, पण ती विरळ असते, आणि त्याच्या मागून न जाता पूर्वेच्या बाजूनं, काक्षी आणि प्रश्वा या ताऱ्यांच्या मधून जाते. बापूंनी तुम्हाला बांधावरून जे दाखवलं त्यात दाट पट्टा नव्हताच. वरच्या आर्टिस्ट भाऊंचं ऐकून पट्टा विरळ करड्यात ठेवलात तर ते खऱ्या आभाळाच्या जास्त जवळ जाईल.

दुसरं, तारे सगळे पांढरे नसतात. मृगाच्या चार टोकांपैकी काक्षी तांबूस आहे, तिरप्या समोरच्या टोकाचा राजन्य निळसर पांढरा. तिकांड्याचे तिन्ही निळसर पांढरे. तिकांड्याची रेष खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की नारिंगी रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. व्याध रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा, त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षं लागतात. म्हणजे आज रात्री तुम्ही बघाल तो व्याधाचा प्रकाश बापू असताना निघालेला आहे. हे लिहावं की नको असा विचार केला, पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तिकांडं काढताना पट्टी लावून सरळ रेष मारू नका. वरचा तारा इतर दोघांपेक्षा थोडा मंद आहे आणि रेषेतून किंचित सरकलेला आहे. बहुतेक टॅटूंत तीन सारखी टिंबं एका रेषेत असतात. आभाळ बघणाऱ्याला ते लगेच खटकतं.

मृगबागेबद्दलही एक सांगतो, मुलांना हे फार आवडतं. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो. त्यामुळे त्या दिवसांत मृग आभाळात दिसूच शकत नाही, तो सूर्याबरोबर दिवसाच वर असतो. ज्या नक्षत्राच्या नावानं आपण केळी लावतो ते लावणीच्या वेळी आपल्याला दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पूर्वेला उगवायला लागतं, आणि डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्री डोक्यावर येतं. बापूंचं मार्गशीर्षाचं गणित अगदी बरोबर होतं.

मी आग्रहानं का लिहितोय ते सांगतो. आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख मिळाला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याचा तो लेख, शके ११२८ म्हणजे सन १२०७ चा. आठशे वर्षांपूर्वी या मातीत बसून लोक ग्रहताऱ्यांची गणितं शिकत होते. खान्देशातल्या माणसाच्या हातावरचं आभाळ चुकीचं असू नये असं मला मनापासून वाटतं.

सातपुडा_शहादा (१३ ऑक्टोबर)

भो, थोडकंच सांगतो. टॅटू मार्च ते जून काढू नको. माझा एप्रिलमध्ये काढला, घामानं पंधरा दिवस खपली ओली राह्यली, निम्मं शेडिंग गेलं. थंडीत काढ. आणि केळीवाला आहेस म्हणून सांगतो, चीक लागू देऊ नको. कपड्यावरचा चीक जन्मात निघत नाही, तर उघड्या कातडीचं काय होईल. घड काढणीला नव्या टॅटूसकट जाऊ नको, फवारणीलाही नाही. पूर्ण बरा झाल्यावर उन्हात बाही खाली ठेव, बाही नसेल तर सनस्क्रीन.

आणि रक्तदान करत असशील तर आधी करून घे. टॅटूनंतर वर्षभर घेत नाहीत.

मृगबाग_यावल (१५ ऑक्टोबर)

मंडळी, दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं, आणि तुमचा शनी वाचला याचा आनंदही झाला. तुम्ही लिहिलं नसतं तर मी शंभर पांढरे तारे ठोकून बसलो असतो.

काल संध्याकाळी ओट्यावर बसून स्केचपेनचं करून बघितलं. आधी पुतण्याचा पेन घेतला, तो निळा निघाला, मग दुकानातून काळा आणला. हात भरला, चार टोकं, तिकांडं आणि व्याध कोरे सोडले. खरं सांगतो, जवळून काही वाटलं नाही. दारातून आई बघत होती, तिला म्हटलं तिथूनच बघ. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हे तं तुह्या बापूचं तिकांडं." पांढरं मले काई दिसनार नाई म्हणणारी हीच. पांढरं नव्हतंच तिथं, माझाच हात होता.

तर ठरलं असं. आभाळ काळं आणि पातळ करडं. दाट आकाशगंगा रद्द, पूर्वेच्या बाजूला विरळ धुकं फक्त. तारे सगळे कातडी सोडून, ज्वारी आणि बाजरीच्या मापानं. पांढरं टिंब फक्त व्याधाला, राजन्याला आणि तिकांड्याच्या तिघांना, एकूण पाच. काक्षीला पांढरं नाही, तो तांबूसच आहे तर माझ्या कातडीचा रंग त्याला आपोआप शोभेल असं मला वाटलं. सुई_शाई भाऊ, हे बरोबर धरलं का? आणि राजन्याला थोडी निळी शाई द्यावी का?

रक्तदान येत्या आठवड्यात करून घेतो. टॅटू कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची लावण आटोपली की डिसेंबरात.

सुई_शाई_जळगाव (१५ ऑक्टोबर)

काक्षीचं अगदी बरोबर धरलंत. सावळी कातडी काळ्यामधे तांबूसच दिसते, तिथं काहीच करायला नको. राजन्याला फिकट निळं देऊ नका, मधाच्या पडद्याआडून ते हिरवट दिसेल. द्यायचंच तर गडद निळं, ताऱ्यात न देता ताऱ्याच्या भोवतीच्या काळ्यात थोडं मिसळून, म्हणजे मधली कोरी जागा थंड भासते. पाच टिंबं पुरेत. पण तिकांड्याच्या वरच्या ताऱ्याला टिंब नको, मास्तरांनी सांगितलंय तो मंद आहे. त्याची जागाही इतर दोघांपेक्षा जरा लहान सोडा. म्हणजे चार.

कुठल्याही आर्टिस्टकडे काढा, पण हे कागदावर मापात काढून न्या. "तिथं बघू" म्हणून बसू नका.

मृगबाग_यावल (१५ ऑक्टोबर)

चार. लिहून ठेवलं. आज रात्रीची लाईट आहे. आत्ताच्या दिवसांत तिकांडं पहाटे चारच्या सुमाराला डोक्यावर येतं, शेवटचा व्हॉल्व बदलायची वेळ तीच. वही आणि पेन्सिल घेऊन जातो. वरचा तारा रेषेतून किती सरकलाय ते इतकी वर्षं बघूनही मला नक्की सांगता येत नाही. मळ्यात बसून काढतो आणि उद्या इथं फोटो टाकतो. मास्तर, तुम्ही तपासून द्या.